भट्टीत न गेलेली पट्टी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — एका माणसाला सांगितलं, चार महिन्यांपूर्वी, पण ते सांगणं धरता येत नाही. का, ते शेवटी येईल. नवऱ्याला ठाऊक नाही, आईला नाही. ज्या कारखान्यात हे घडलं तिथे मी अजून रोज जाते, तिथेही कोणाला नाही.

आधीच सांगून ठेवते, यात कोणी मेलं नाही. चोरीमारी नाही, पोलिसात जाण्यासारखं काही नाही. एका वाक्याची गोष्ट आहे. मी एक वाक्य बोलले आणि एका शहाण्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा गेला. बस, एवढंच. एवढंच म्हणते खरी — पण मग सात वर्षं हे कोणाजवळ का बोलले नाही?

मला फिरवून फिरवून बोलायची सवय आहे, नवरा त्यावरून चिडवतोही. तेव्हा थोडं सांभाळून घ्या. मुद्द्यावर येते.

मी अंजनगाव सुर्जीची, वैशाली. आमचं माळ्याचं घर — झेंडू, शेवंती, हिवाळ्यात पालक-मेथी. बाबांना वाटायचं पोरगी मास्तरीण होईल. मी अमरावतीला इंजिनिअर झाले आणि लग्नानंतर अकोल्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागले. कारखाना दालमिलचे आणि जिनिंगचे सुटे भाग करणारा. मालक प्रमोदभाऊ. माणूस हौशी, नवं काही दिसलं की आपल्याकडे पाहिजे. धातूची थ्रीडी प्रिंटिंगची मशीन घ्यायची असं त्यांच्या मनात आलं, तेव्हा तिचे गोडवे मीच गायले. मीच म्हणाले होते, भाऊ, बटण दाबायचं, तयार वस्तू बाहेर. हे वाक्य मला पुढे महागात पडलं. खरं तर मला नाही, दुसऱ्यालाच.

ही मशीन कशी चालते ते सांगते, कारण त्याशिवाय माझं कर्तृत्व तुम्हाला कळणार नाही. पोलादाची मैद्यासारखी बारीक भुकटी असते. एका जाड प्लेटवर तिचा केसाएवढा पातळ थर पसरायचा, लेसरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, मग त्यावर पुढचा थर. असे हजारो थर. वस्तू प्लेटला चिकटून खालून वर उगवत जाते. आता, प्रत्येक नवा थर तापलेला असतो आणि निवताना तो आकसायला पाहतो. खालचे थर आधीच गार होऊन बसलेले, ते त्याला आकसू देत नाहीत. मग ती ओढ तशीच आत राहते. थरावर थर, ओढीवर ओढ. प्लेटने धरून ठेवलंय तोवर वस्तू अगदी सरळ, साळसूद दिसते. प्लेटवरून कापली की तिच्या कडा वर येतात, उन्हात घातलेल्या पापडाच्या येतात तशा.

याला उपाय नाहीत असं नाही. वस्तू आडवी न निजवता तिरपी उभी करायची. लेसर लांबच लांब न फिरवता छोट्या छोट्या चौकटींत फिरवायचा आणि दर थराला दिशा बदलायची. प्लेट आधीपासून तापती ठेवायची. कडांना खालून धातूचे टेकू द्यायचे. वस्तू किती वाकेल याचा अंदाज घेऊन मूळ आराखडाच तेवढा उलटा वाकवून ठेवायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं — कापण्याआधी, प्लेटसकट, भट्टीत घालून तापवायची, आणि दार न उघडता भट्टीतच सावकाश निवू द्यायची. मग आतली ओढ सुटते. त्यानंतर कापली तरी ती जागची हलत नाही.

हे सगळं मी आता अमरावतीच्या कॉलेजांत जाऊन शिकवते. मला बोलावतात, गुच्छ देतात. पडद्यावर मी एक फोटो दाखवते — वाकलेली, कोपऱ्यात तडा गेलेली एक पट्टी. शेजारी भट्टीच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो, पुरावा म्हणून. खाली लिहिलंय, कारण : भट्टी लावताना झालेली चूक. मुलं ते वहीत उतरवून घेतात. ती ओळ खोटी आहे, आणि ती मी लिहिलेली आहे.

आमची भट्टी श्रावणकाका सांभाळायचे. मूळचे चांदूर बाजारचे, तेव्हा वय एकसष्ट. इस्त्रीची पँट घालून भट्टीवर येणारा हा एकच माणूस मी पाहिला. नवी मशीन आली तेव्हा बाकीचे लांब उभे राहून पाहत होते. काकांनी जवळ जाऊन तिच्या दारावर हात ठेवला आणि मला विचारलं, “इचं पोट किती गरम होते?” सगळे हसले. पण प्रश्न नेमका होता. प्लेट किती तापवता येते, यावरच तर अर्धा खेळ असतो.

कारखान्यात मी एकटी बाई. लोक मला मॅडम म्हणायचे, पण त्या ‘मॅडम’मध्ये कुचकेपणा किती हे मला कळायचं. काकाही चारचौघांत मॅडमच म्हणायचे, पण डबा खाताना पोरी. त्यांच्या डब्यातलं वांग्याचं भरीत मी दोन वर्षं खाल्लं. धातू रंगावरून कसा ओळखायचा, भट्टीचं दार उघडायची घाई का करू नये, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. काकांनी शिकवलं.

आणि त्यांची आठवण! हे मला नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. तीन वर्षांपूर्वीच्या पिना कोणत्या तापमानाला केल्या होत्या असं प्रमोदभाऊंनी विचारावं आणि काकांनी तापमान तर सांगावंच, वर त्या दिवशी पोळा होता आणि कोण डब्यात पुरणपोळी घेऊन आलं होतं तेही सांगावं. रजिस्टर ते पेन्सिलीने भरायचे, सही करायचे, पण ते तपासणीला येणाऱ्यांसाठी. मागची नोंद पाहायला त्यांना स्वतःला ते कधी उघडावं लागलं नाही. गावच्या भजनी मंडळात ते खंजिरी घेऊन पुढे बसायचे. शंभर-दीडशे भजनं पाठ. पुस्तक हातात धरलं तर त्यांना अपमान वाटायचा.

आता ती पट्टी. अमरावतीच्या एका कंपनीचं काम होतं. संत्र्याचे प्लॅस्टिकचे क्रेट करणारी कंपनी. त्यांच्या साच्यात बसवायच्या दोन पोलादी पट्ट्या हव्या होत्या, हुबेहूब सारख्या, वीतभर लांब, आणि आतून पाणी फिरायला वळणावळणाच्या नळ्या. अशा नळ्या ड्रिलने पाडता येत नाहीत, प्रिंटच कराव्या लागतात. आमच्या मशीनचं पहिलं मोठं काम. एका वेळी एकच पट्टी मावणार होती.

पहिली पट्टी मी आडवी निजवून छापली. तिरपी ठेवली असती तर थर वाढले असते, वेळ वाढला असता. लेसरही लांबीच्या दिशेनेच फिरवला, टेकू कमी दिले. मला घाई होती, आणि खरं सांगू? मला वाटलं, मला जमतं. नवरात्रातल्या सप्तमीला छपाई संपली. अष्टमीला सकाळी मी प्लेट बाहेर काढली तेव्हा पट्टी इतकी देखणी दिसत होती की मी तिच्यावरून हात फिरवत बसले.

प्लेट घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी सकाळीच दालमिलच्या पिना भट्टीत घालून काढल्या होत्या आणि आता ते भट्टी बाहेरून धूत-पुसत होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या मशिनींची पूजा असते — धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे आणि बंद ठेवायच्या. झेंडू माझ्याच माहेरून यायचा, माझा भाऊ पोतंभर पाठवायचा. धुतलेली भट्टी पूजेआधी कोणी पेटवत नाही. काका दुपारच्या गाडीने सणाला गावी निघाले होते.

ते म्हणाले, “आता भट्टी दसऱ्यानंतरच लावू. तोवर इले प्लेटीवरून कापू नोको पोरी. काई घाई नाई.”

हे ते बोलले. शब्दन् शब्द मला आठवतो. मी हो म्हणाले.

दुपारी प्रमोदभाऊ आले. पूजेला त्यांनी बरीच मंडळी बोलावली होती, ती अमरावतीची पार्टीही. पूजेच्या पाटावर नव्या मशीनची पहिली वस्तू ठेवायची, असं त्यांच्या मनात. प्लेट पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “हे असं ठेवता काय? पोळी काय तव्यासकट ठेवतेत देवापुढं?”

त्यांचा काही दोष नाही, हे मी इथेच सांगते. मी एक शब्द बोलले असते — भाऊ, अजून भट्टी व्हायची आहे — तर त्यांनी तव्यासकट पोळी ठेवली असती आणि पाहुण्यांना स्वतः हसत हसत सांगितलं असतं. मी बोलले नाही. का? कारण बटण दाबलं की तयार वस्तू, असं मीच सांगून बसले होते. त्या सगळ्यांसमोर माझ्या लेसरच्या मशीनला काकांच्या जुन्या भट्टीसाठी दसऱ्यापर्यंत थांबावं लागतंय, हे मला सांगायचं नव्हतं.

काका गेल्यावर मी पट्टी वायरकटवर लावली आणि कापली. वायरकट म्हणजे बारीक तारेने धातू कापायची मशीन, ती सावकाश कापते. दोन-अडीच तास मी शेजारी उभी होते. शेवटच्या इंचाला पट्टी हलली. आवाज काही फार झाला नाही, टक् एवढाच. हातात घेतली तेव्हाच कळलं. माप घ्यायच्या सपाट दगडावर ठेवून मोजली तर दोन्ही टोकं दीड-दीड मिलिमीटर वर. वीतभर पट्टीला हे फार झालं.

मग मी काय केलं? गॅरेजवाले ट्रॅक्टरचा वाकलेला एक्सल सरळ करतात ना, हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून — ते केलं. आमच्याकडे हातपंपाची प्रेस होती. बाकीचे लोक पुढे पताका लावत होते. मी पट्टी दोन ठोकळ्यांवर पालथी ठेवली आणि दाबली. दाब काढला की ती परत उचलायची. मग आणखी दाबायची. पाच-सहा वेळा केल्यावर ती दगडावर बसली. डायल लावून पाहिलं, मापात. वाकडं मापात आलं म्हणजे आतली ओढ गेली असं नव्हे, उलट मी तिच्यात आणखी एक ओढ भरली होती. हे मला समजत नव्हतं असं नाही. मी इंजिनिअर आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टी पाटावर बसली. झेंडूच्या पाकळ्या, कुंकवाचं बोट. पाहुण्यांनी हातात घेऊन पाहिली, वाहवा केली. पार्टीने दसरा झाल्यावर ती नेली, आणि नेताना भट्टीच्या नोंदीची झेरॉक्स मागितली. त्यांची ती रीतच होती.

रजिस्टर भट्टीजवळ खिळ्याला टांगलेलं असायचं, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. अष्टमीच्या ओळीत काकांनी लिहिलं होतं — दालमिल पिना, चाळीस नग, तापमान, वेळ, सही. ‘चाळीस नग’ आणि तापमान यांच्यामध्ये जागा होती. त्या जागेत मी त्याच पेन्सिलीने लिहिलं : व पट्टी नं. १. काकांचं अक्षर काढायला सोपं होतं. ठोकळ्यासारखं, आणि ‘ट’चं पोट फार मोठं. मी ते पोट मोठं काढलं. दोन वेळा. पिनांचं तापमान पट्टीला पुरेसं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं का? आलं होतं. म्हटलं, झेरॉक्स कोण वाचतं.

तोवर दुसरी पट्टी मशीनमध्ये छापून झाली होती. ही मात्र मी तिरपी ठेवली, चौकटी पाडल्या, टेकू भरपूर दिले. म्हणजे मला सगळं येत होतं, बघा. काका गावाहून परतले तेव्हा ती प्लेटवर उभी होती. त्यांना वाटलं हीच ती. आता पहिली तिरपी होती की आडवी हे त्यांना का आठवलं नाही? प्लेटभोवती मी कापड गुंडाळूनच ठेवलं होतं अष्टमीला, त्यांनी वरवर पाहिली होती. ते एवढे खूश झाले! म्हणाले, “थांबलीस ना? बरं केलं पोरी.” आणि त्यांनी ती प्लेटसकट भट्टीत घातली, दार न उघडता निववली. ती दुसरी पट्टी अमरावतीच्या त्या साच्यात आजही चालू आहे. पहिली उन्हाळ्यात परत आली.

गरम प्लॅस्टिक आणि गार पाणी, गरम आणि गार, असं काही महिने सोसल्यावर तिने आपला गुण दाखवला होता. टोकं उचललेली, आणि मी जिथे दाबली होती तिथून कोपऱ्यापर्यंत तडा. पार्टी चिडली होती. प्रमोदभाऊंनी केबिनमध्ये काकांना आणि मला बोलावलं. टेबलावर पट्टी, शेजारी रजिस्टर उघडं. कूलर एवढा मोठ्याने चालू होता की सगळ्यांना जरा ओरडूनच बोलावं लागत होतं.

काका म्हणाले, “भाऊ, हे मी भट्टीत घातलीच नाई. मी एकच पट्टी केली. दसऱ्यानंतर.”

“एक कशी काका? पट्ट्या त दोन हायेत ना,” भाऊ म्हणाले. त्यांनी रजिस्टर फिरवून पुढे सरकवलं. “अन् हे सही कोनाची हाय?”

काकांनी चष्मा लावला आणि ती ओळ पाहिली. फार वेळ पाहिली. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, हे लक्षात घ्या. मदत मागावी तसं पाहिलं त्यांनी. “पोरी, मी तुले त्या दिवशी सांगतलं होतं ना? दसऱ्यानंतर लावू, तोवर कापू नोको म्हून?”

इथे आले मी. हीच ती जागा. मला दोन शब्द बोलायचे होते — हो काका. तेवढंच पुरलं असतं. नोकरी गेली नसती, प्रमोदभाऊ चार शिव्या देऊन गप्प झाले असते. मी म्हणाले :

“काका, थे तुमी दुसरीचं सांगतलं होतं. पयली त तुमीच पिनांसोबत घातली. मी होती ना तिथं.”

काकांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “हो काय?” थोड्या वेळाने पुन्हा, हळू, “असंन. असंन बाप्पा.”

त्यांनी वाद घातला नाही. मी खोटं बोलेन, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नाही. दोनच शक्यता होत्या — पोरगी खोटं बोलते, नाही तर आपण विसरलो. त्यांनी दुसरी निवडली. प्रमोदभाऊही भला माणूस. काही बोलले नाहीत, काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, वयानं होते काका. मला वाटलं, चला, मिटलं. मला अगदी हलकं वाटलं होतं त्या संध्याकाळी, याची लाज मला सगळ्यांत जास्त वाटते.

मिटलं कुठे? काका भट्टीचं दार लावायचे, दहा पावलं जायचे आणि परत येऊन पाहायचे. तापमान लावून मला हाक मारायचे, “मॅडम, जरा पाहून घ्या बरं.” चारचौघांत. पूर्वी रजिस्टर न उघडणारा माणूस आता तेच वाचत बसायचा, एकेक ओळ, हे मी केलं होतं का, हे आठवतं का. एकदा डबा खाताना मला विचारलं, “पोरी, मी अजून काय काय विसरलो असंन?” मी म्हणाले, काही नाही काका, एवढं मनावर घेऊ नका. आणि त्यांच्या डब्यातलं भरीत वाढून घेतलं.

पुढचं नवरात्र यायच्या आत त्यांनी स्वतःच काम सोडलं. कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, एखाद्या दिवशी माझ्या विसरण्यानं कोणाला भाजलं तर? शाल, श्रीफळ, निरोप समारंभ झाला. भाषण मी केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी डोळे पुसले.

त्यानंतर मी वर वर चढत गेले. प्रिंटिंगचा विभाग माझ्याकडे आला, कॉलेजं बोलवायला लागली. काकांची खबर अधूनमधून यायची. मुलाने त्यांना अमरावतीला डॉक्टरकडे नेलं, तपासण्या केल्या, काही निघालं नाही. काका म्हणे डॉक्टरवरच चिडले — माहं डोकं मले मालूम का त्याले?

चार महिन्यांपूर्वी अमरावतीच्या एका कॉलेजात तो पट्टीचा फोटो पडद्यावर होता आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, मॅडम, कमी तापमानाला का होईना, पट्टी भट्टीत गेली असती तर थोडी तरी ओढ सुटली असती. आणि हा तडा मधल्या दाबाच्या खुणेपासून निघालाय. ही कोणी प्रेसखाली सरळ केली होती का?

सात वर्षांत हे कोणाला दिसलं नव्हतं. मी काय उत्तर दिलं? म्हणाले, चांगला प्रश्न आहे, यावर आपण नंतर बोलू. गुच्छ घेतला, चहा न घेता निघाले आणि अकोल्याच्या गाडीत बसायच्या ऐवजी चांदूर बाजारच्या बसमध्ये बसले.

काका ओसरीवर बसले होते. थकलेत, पण पँटीला इस्त्री होती. मला पाहून त्यांना एवढा आनंद झाला की सुनेला दोनदा हाका मारल्या. दाराच्या चौकटीला चिठ्ठी चिकटवलेली — कडी लावली का पाहा. आत गॅसजवळ दुसरी. शर्टाच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल. खंजिरी खुंटीला टांगलेली. भजनाचं विचारलं तर म्हणाले, जातो, पण आता मागं बसतो, पुस्तक घेऊन. तेही हसून सांगितलं.

चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं. तुम्हाला सांगितलं तसंच, अष्टमीपासून, क्रमाने. कापली ते, दाबली ते, रजिस्टरात लिहिलं ते, केबिनमध्ये बोलले ते. काही लपवलं नाही. लॅपटॉप काढून ते पान दाखवलं आणि म्हणाले, काका, ही पट्टीची नोंद माझी आहे, तुमची नाही.

त्यांनी चष्मा लावला. पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं. मग माझ्याकडे बघून हसले, लहान मुलाची थाप पकडल्यावर हसतात तसे. “हे त माहं अक्षर हाय, पोरी. माह्यावानी ट कोनी काढत नाई.”

मी म्हटलं, मी नक्कल केली होती काका. मी शपथ घेतली. माझ्या मुलाची शपथ घेतली. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “मले बरं वाटावं म्हून काहून एवढं करतेस? तवाबी तू प्रमोदभाऊपुढं मले सांभाळून घेतलं. दुसरी कोनी असती त बोंब मारली असती.”

मला रडू आलं. त्यांना वाटलं, पोरीचं मन भरून आलं. सुनेला पाणी आणायला सांगितलं.

प्रमोदभाऊंनी स्वतः येऊन सांगितलं तर काकांना पटेल, हे मला बसल्या जागी सुचलं होतं. मालकाचा शब्द ते खोटा मानणार नाहीत. पण त्यासाठी आधी मला प्रमोदभाऊंना सांगावं लागेल. चार महिने झाले. त्यांच्या केबिनसमोरून मी रोज जाते. पडद्यावरची ती ओळही मी अजून बदललेली नाही.

मी निघाले तेव्हा काकांनी खिशातली वही काढली. कोण आलं, काय बोलणं झालं, ते माणूस उठायच्या आत लिहून ठेवायचं असा त्यांचा नेम आहे. सावकाश, पेन्सिल दाबून लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली.

“पाय बरं, बराबर लिवलं काय? माहा काई भरोसा नाई.”

मी वाचलं. — वैशाली आली. चहा घेतला. पट्टीची चूक तिची होती म्हणते. माझं मन राखते. चूक माझीच.

‘ट’चं पोट मोठं होतं. काका वाट पाहत होते.

“बराबर हाय, काका,” मी म्हणाले.